हौशी नौकानयनातील सुरक्षा-शिक्षण : सक्ती, सवलत आणि खर्च
(अमेरिकेतील अनुभवाचा ऐतिहासिक अभ्यास, १९१० ते २०२५)

प्रस्तावना

मोटार चालविण्यासाठी परवाना असावा लागतो, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच बहुतेक देशांत सर्वमान्य झाली. मात्र मोटारीच्या मागे जोडून आणलेली बोट त्याच चालकाने तलावात उतरविली आणि ती भरधाव हाकली, तर त्यासाठी कोणते शिक्षण घेतले आहे असे अमेरिकेच्या बहुतांश भागात १९८० च्या दशकापर्यंत कोणी विचारीत नव्हते. हौशी नौकाधारकाने अभ्यासक्रम पूर्ण केलाच पाहिजे असे सांगणारा संघीय कायदा तेथे आजही नाही. जी सक्ती आहे ती राज्यांची असून ती राज्याराज्यांत वेगवेगळी आहे.

या विषयावरील चर्चेत दोन मुद्दे नेहमी पुढे येतात. अभ्यासक्रमाचा खर्च सामान्य नौकाधारकास जाचक ठरतो, हा पहिला. आणि शिक्षणाच्या सक्तीमुळे मृत्यू घटले, हा दुसरा. पहिला मुद्दा सक्तीचे विरोधक मांडतात, दुसरा तिचे पुरस्कर्ते. प्रस्तुत लेखात १९१० पासूनच्या कायद्यांचा, स्वयंसेवी संस्थांच्या कार्याचा आणि अपघातविषयक आकडेवारीचा आढावा घेऊन हे दोन्ही मुद्दे तपासले आहेत. अभ्यासक्रमाची किंमत हा खरा अडथळा क्वचितच होता. तसेच मृत्यूंच्या संख्येतील मोठी घट सक्ती येण्यापूर्वीच होऊन गेली होती. असे असेल तर सक्ती इतक्या उशिरा का आली आणि ती कोणाला वगळून आली, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकासमोर उरतो.

१९१० चा कायदा : उतारू आणि मालक

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी नौका-कायदे वाफेच्या जहाजांसाठी होते. बाष्पक फुटून उतारू दगावत, म्हणून बाष्पकांची तपासणी आणि कप्तान व अभियंता यांचे परवाने, असा त्या कायद्यांचा रोख होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी पेट्रोलवर चालणारी लहान इंजिने आली. १९०९ च्या सुमारास मिलवॉकी येथे ओल एव्हिनरूड याने बोटीच्या मागील बाजूस अडकविता येणारे इंजिन विक्रीस आणले आणि साध्या वल्ह्याच्या होडीलाही गती मिळाली. जुने कायदे या नव्या नौकांना लागू पडत नव्हते.

९ जून १९१० रोजी संमत झालेल्या मोटारबोट कायद्याने ६५ फुटांपर्यंतच्या यांत्रिक नौकांची लांबीनुसार तीन वर्गांत विभागणी केली. दिवे, शिटी, जीवरक्षक साधने आणि अग्निशमनाची सोय त्यांच्यावर बंधनकारक करण्यात आली. भाड्याने उतारू नेणाऱ्या मोटारबोटीवर परवानाधारक माणूस असलाच पाहिजे, असेही कायद्याने ठरविले. मात्र या परवान्यासाठी कोणतीही परीक्षा घेतली जाणार नाही, असे त्याच कायद्यात स्पष्ट नमूद होते. स्वतःच्या करमणुकीसाठी बोट चालविणाऱ्यास तर परवान्याचीही गरज नव्हती. म्हणजे बोटीवर काय सामान असावे हे कायदा सांगत होता. ते सामान वापरणाऱ्यास काय ठाऊक असावे, याविषयी तो मौन बाळगून होता. पुढील सुमारे ऐंशी वर्षे हेच सूत्र टिकून राहिले.

या सूत्रामागे एक तत्त्व होते. पैसे देऊन बसणारा उतारू स्वतःच्या जिवाची जबाबदारी दुसऱ्याच्या हाती सोपवितो, म्हणून तेथे शासनाने लक्ष घालावे. आपल्या बोटीचा मालक मात्र आपला धोका स्वतः पत्करतो. भारतातील ब्रिटिश अमदानीचा विचारही फारसा वेगळा नव्हता. १९१७ च्या अंतर्देशीय वाफनौका अधिनियमात कप्तान, सारंग आणि इंजिनचालक यांच्यासाठी योग्यता-प्रमाणपत्राची तरतूद होती. कारण भारतातील नद्यांवर चालणारी वाफनौका ही मुख्यतः प्रवासाचे आणि मालवाहतुकीचे साधन होती. हा अधिनियम पुढे अंतर्देशीय नौका अधिनियम या नावाने चालू राहिला आणि २०२१ च्या नव्या अधिनियमाने त्याची जागा घेतली. महाराष्ट्राच्या स्मरणात असलेली सर्वांत मोठी जलदुर्घटना, १७ जुलै १९४७ रोजी रेवसच्या वाटेवर बुडालेली 'रामदास', हीदेखील उतारू-बोटीचीच आहे. स्वतःची बोट स्वतः हाकणारा मध्यमवर्गीय हौशी माणूस हा वर्ग आपल्याकडे मोठ्या संख्येने निर्माण झाला नाही, त्यामुळे त्याच्या शिक्षणाचा प्रश्न येथे फारसा चर्चेत आला नाही. अमेरिकेत हा वर्ग लाखांनी वाढला. तेथे मात्र मालक आणि उतारू हा भेद हळूहळू अपुरा पडू लागला, कारण हौशी मालकाच्या बोटीतही बायकामुले व मित्रमंडळी बसतात आणि त्याच पाण्यात दुसऱ्यांच्याही बोटी असतात.

स्वयंसेवकांचे वर्ग

शासनाने मोकळी सोडलेली जागा प्रथम हौशी मंडळींनीच भरून काढली. १९१२ मध्ये बॉस्टन यॉट क्लबात रॉजर अप्टन यांच्या पुढाकाराने मोटारबोटधारकांचा एक गट स्थापन झाला. शिडाच्या नौकांच्या सफरींत मोटारबोटींनी सोबत करावी, अडचणीत मदत करावी आणि त्यासाठी शिस्तीने सराव करावा, अशी त्याची कल्पना होती. त्यातूनच २ फेब्रुवारी १९१४ रोजी न्यूयॉर्क येथे 'युनायटेड स्टेट्स पॉवर स्क्वाड्रन्स' ही राष्ट्रीय संस्था उभी राहिली. नौदलाचे तत्कालीन सहायक मंत्री फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी तिला उत्तेजन दिले. पहिल्या महायुद्धाच्या काळात या संस्थेने नौदलात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांसाठी वर्ग चालविले आणि युद्धानंतर तेच वर्ग सर्वसामान्य नागरिकांसाठी खुले झाले.

दुसरी संस्था शासनाच्या छायेत वाढली. २३ जून १९३९ च्या कायद्याने तटरक्षक दलाच्या आधिपत्याखाली नागरिकांचे एक स्वयंसेवी दल स्थापन करण्यात आले. त्यास प्रथम 'राखीव दल' म्हणत. १९४१ मध्ये ते 'तटरक्षक साहाय्यक दल' झाले. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या सभासदांनी किनाऱ्यावर गस्त घातली. युद्ध संपल्यावर मात्र शिक्षण, बोटींची ऐच्छिक तपासणी आणि बचावकार्य ही त्याची मुख्य कामे झाली.

या दोन्ही संस्थांच्या वर्गांचे अर्थकारण आवर्जून पाहण्याजोगे आहे. शिकविणारे वेतन घेत नसत. वर्ग बहुधा शाळेच्या इमारतीत, ग्रंथालयात वा क्लबात संध्याकाळी भरत. विद्यार्थ्याने पुस्तक आणि नकाशे यांचा खर्च तेवढा द्यावा, अशी सर्वसाधारण प्रथा होती. म्हणजे ज्या काळात शिक्षणाची सक्ती नव्हती, त्या काळात ते जवळजवळ मोफत उपलब्ध होते. तरीही नौकाधारकांपैकी बहुसंख्य लोक त्या वर्गांकडे फिरकले नाहीत. खर्चामुळे लोक शिकत नाहीत या युक्तिवादाला इतिहासाने दिलेले हे पहिले उत्तर होय. वर्गाला येणारा माणूस मुळातच सावध असे. ज्याला शिकविण्याची सर्वाधिक गरज, तो वर्गात नसे. शिक्षण क्षेत्रातील कोणासही हा अनुभव नवा वाटू नये.

युद्धोत्तर वाढ आणि दोन कायदे

१९४० च्या मोटारबोट कायद्याने १९१० ची व्यवस्था अद्ययावत केली आणि बेदरकारपणे बोट चालविणे हा गुन्हा ठरविला. परंतु चालकाच्या ज्ञानाची अट त्यातही आली नाही. युद्धानंतर मात्र परिस्थिती झपाट्याने पालटली. फायबरग्लासच्या साच्यातून स्वस्त बोटी निघू लागल्या आणि मागे लावावयाची इंजिने अधिक शक्तिशाली झाली. नद्यांवरील धरणांमुळे देशाच्या अंतर्भागात, जेथे पूर्वी नौकानयन नव्हतेच अशा ठिकाणी, मोठे जलाशय निर्माण झाले. समुद्रकाठच्या परंपरेत वाढलेला नावाडी आणि शेतातून थेट जलाशयावर आलेला हौशी चालक यांच्यात अनुभवाचे कोणतेही साम्य नव्हते.

उत्तर कॅरोलिनाचे प्रतिनिधी हर्बर्ट बॉनर यांच्या समितीने १९५६ मध्ये या प्रश्नावर सुनावण्या घेतल्या. त्यातून १९५८ चा संघीय नौकानयन कायदा आला. दहा अश्वशक्तीहून अधिक इंजिनाच्या बोटींना क्रमांक देण्याचे काम त्याने राज्यांकडे सोपविले आणि अपघातांची नोंद कळविण्याची पद्धत सुरू केली. राज्यांमध्ये या कामासाठी स्वतंत्र अधिकारी नेमले जाऊ लागले आणि १९६० मध्ये या अधिकाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पुढील काळात शिक्षणाचे किमान राष्ट्रीय निकष ठरविण्याचे आणि अभ्यासक्रमांना मान्यता देण्याचे काम याच संघटनेकडे गेले. एका राज्याचे प्रमाणपत्र दुसऱ्या राज्यात चालते, ते तिच्या मान्यतेमुळे.

१० ऑगस्ट १९७१ चा संघीय नौका-सुरक्षा कायदा हा या इतिहासातील खरा वळणबिंदू मानावा लागतो. या कायद्याने नजर चालकाकडून कारखानदाराकडे वळविली. बोट कशी बांधावी याचे मानक ठरविण्याचा अधिकार तटरक्षक दलास मिळाला. नोव्हेंबर १९७२ पासून वीस फुटांहून लहान मोटारबोटींवर किती माणसे व किती वजन चालेल हे सांगणारी पट्टी लावणे बंधनकारक झाले. बोटीत पाणी भरले तरी ती आडवी तरंगत राहावी, म्हणजे बुडणाऱ्यांना धरून राहता येईल, यासाठीचे नियमही त्याच दशकात आले. प्रत्येक माणसासाठी मान्यताप्राप्त लाइफ जॅकेट बोटीवर असण्याचा नियम १९७३ मध्ये व्यापक करण्यात आला. राज्यांना अनुदान मिळू लागले आणि त्यातून शिक्षणाचे कार्यक्रमही सुरू झाले. पण अभ्यासक्रमाची सक्ती या कायद्यानेही केली नाही.

खर्च कोणी सोसावा?

अनुदानाचा पैसा आणायचा कोठून, हा प्रश्न लगेचच उभा राहिला. त्याचे उत्तर मोठे मजेशीर आहे. मोटारबोटीत भरलेल्या पेट्रोलवरही संघीय इंधनकर लागत असे आणि तो महामार्गांच्या निधीत जात असे. म्हणजे पाण्यावर फिरणारा माणूस रस्त्यांसाठी कर भरीत होता. १९८० च्या कायद्याने, जो त्याच्या पुरस्कर्त्याच्या नावाने बियाजी कायदा म्हणून ओळखला जातो, या कराचा काही भाग नौका-सुरक्षेकडे वळविला. १९८४ मध्ये वायोमिंगचे सिनेटर माल्कम वॉलप आणि लुइझियानाचे प्रतिनिधी जॉन ब्रो यांच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या दुरुस्तीने ही व्यवस्था पक्की केली. तेव्हापासून राज्यांच्या सुरक्षा-कार्यक्रमांचा मोठा आधार हाच निधी आहे. नौकाधारकांनी या व्यवस्थेला विरोध केला नाही, कारण हा कर ते आधीच भरीत होते. तो आता त्यांच्याच कामी येऊ लागला.

याच्या अगदी उलट अनुभव १९९१ मध्ये आला. अर्थसंकल्पातील तूट कमी करण्यासाठी १९९० च्या कायद्याने सोळा फुटांहून मोठ्या हौशी बोटींवर लांबीनुसार वर्षाला २५ ते १०० डॉलर असे शुल्क बसविले. शुल्क भरल्याची खूण म्हणून बोटीवर एक चिकटपट्टी लावावी लागे. हा पैसा नौका-सुरक्षेसाठी राखून ठेवलेला नव्हता. तो सर्वसाधारण तिजोरीत जात होता. नौकाधारकांत त्याविरुद्ध मोठा असंतोष उसळला. १९९२ मध्ये हे शुल्क टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचा निर्णय झाला आणि १९९४ मध्ये ते संपुष्टात आले. ज्यांच्याकडे हजारो डॉलरांच्या बोटी होत्या त्यांना पंचवीस डॉलर परवडत नव्हते, असे म्हणता येणार नाही. रकमेपेक्षा तिच्या हेतूविषयीचा संशयच त्या असंतोषाच्या मुळाशी होता. शिक्षणाच्या सक्तीस पुढे झालेल्या विरोधाचे स्वरूप समजून घेताना ही घटना लक्षात ठेवणे उपयुक्त ठरते.

आज अभ्यासक्रमाचा प्रत्यक्ष खर्च किती येतो, तेही येथे पाहावयास हवे. संगणकावरून घेता येणाऱ्या खासगी अभ्यासक्रमांचे शुल्क साधारणपणे ३० ते ६० डॉलरच्या दरम्यान असते. एका नौकाधारक-संघटनेच्या प्रतिष्ठानामार्फत अनेक राज्यांसाठी मोफत अभ्यासक्रमही उपलब्ध आहे. प्रमाणपत्राचे शुल्क राज्याराज्यांत वेगळे आहे. कॅलिफोर्निया, ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांनी आपले कार्ड दहा डॉलरना, आणि तेही आयुष्यभरासाठी, देण्याची पद्धत ठेवली. कनेक्टिकट मात्र प्रमाणपत्रासाठी पन्नास डॉलर घेते. कनेक्टिकटचे शुल्क चढे असूनही सर्व वयाच्या चालकांना सक्ती करणाऱ्या आरंभीच्या राज्यांत त्याचा समावेश होतो. शुल्क कमी असले की सक्ती सोपी जाते, असा सरळ संबंध या तुलनेतून काढता येत नाही.

जन्मतारखेची रेषा

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून राज्यांनी सक्तीकडे पावले टाकली. १९९३ मध्ये राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने हौशी नौकानयनाच्या सुरक्षेवर अभ्यास प्रसिद्ध करून चालकांसाठी किमान निकष असावेत अशी शिफारस केली. त्यानंतर या हालचालीस वेग आला. परंतु कायदेमंडळांपुढे एक व्यावहारिक अडचण होती. आज बोट चालविणारा चाळिशीतला मतदार उद्या परीक्षेस बसण्यास तयार होणार नाही, हे प्रत्येक लोकप्रतिनिधीस ठाऊक होते. त्यावर काढलेला तोडगा म्हणजे जन्मतारखेची रेषा.

मेरीलँडने १ जुलै १९७२ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांनाच प्रमाणपत्राची अट घातली. हा नियम लागू झाला तेव्हा अशा व्यक्ती जेमतेम सोळा वर्षांच्या होत्या. म्हणजे त्या दिवशी अस्तित्वात असलेल्या प्रौढ चालकांपैकी एकासही त्याची झळ लागली नाही. अलाबामाने १९९४ मध्ये चालकांसाठी प्रत्यक्ष परवाना सुरू केला, पण २८ एप्रिल १९५४ पूर्वी जन्मलेल्यांना परीक्षेतून सूट दिली. वॉशिंग्टनने १ जानेवारी १९५५ ही रेषा धरली. फ्लोरिडाचा इतिहास अधिक बोलका आहे. तेथे आरंभी एकवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांनाच अट होती. त्यामुळे तरुण बावीस वर्षांचा झाला की, काहीही न शिकता, एका रात्रीत मुक्त होई. ही विसंगती दूर करण्यासाठी २०१० पासून तेथे १ जानेवारी १९८८ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी सक्ती लागू झाली.

जन्मतारखेच्या रेषेचे एक वैशिष्ट्य असे की ती काळाबरोबर आपोआप वर सरकते. मेरीलँडमध्ये १९७२ साली जन्मलेला माणूस आता पन्नाशी ओलांडून गेला आहे. एकाही मतदारास न दुखविता, केवळ वाट पाहून, सार्वत्रिक सक्ती आणण्याची ही पद्धत राजकीयदृष्ट्या चतुर म्हणावी लागेल. पण तिची किंमतही आहे. पिढ्या बदलेपर्यंतच्या तीन-चार दशकांत ज्या वयोगटाच्या हाती मोठ्या आणि वेगवान बोटी होत्या, तोच गट शिक्षणाबाहेर राहिला. अनुभव हा शिक्षणाचा पर्याय आहे असे त्यामागील समर्थन होते. अनुभवाने चुकाही पक्क्या होतात, हे मात्र त्यात विसरले गेले.

काही राज्यांनी अधिक धीटपणा दाखविला. ऑरेगॉनने १९९९ च्या कायद्यानुसार २००३ ते २००९ या काळात सर्व वयोगटांना टप्प्याटप्प्याने सक्तीच्या कक्षेत आणले. न्यूजर्सीचे टप्पेही २००९ मध्ये पूर्ण झाले. कॅलिफोर्नियात २०१८ मध्ये वीस वर्षांपर्यंतच्या चालकांपासून आरंभ होऊन १ जानेवारी २०२५ पासून सर्वच चालक कक्षेत आले. न्यूयॉर्कचा कायदा २००५ मध्ये दोन बोटींच्या टकरीत मृत्यू पावलेल्या अकरा वर्षांच्या एका मुलीच्या नावाने ओळखला जातो. तिच्या आईने वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यानंतर तो २०१९ मध्ये संमत झाला आणि तेथेही १ जानेवारी २०२५ हीच अंतिम तारीख होती. मॅसॅच्युसेट्सने २०२५ च्या जानेवारीत या मार्गावर पाऊल टाकले. मधल्या चौदा वर्षांत त्या आईला ऐकावे लागलेले आक्षेप मुख्यतः स्वातंत्र्याचे, गैरसोयीचे आणि पर्यटनाचे होते. शुल्काचा आक्षेप त्यांच्या तुलनेत गौण होता.

कॅनडाचा वेगळा मार्ग

शेजारच्या कॅनडात प्रांतांऐवजी संघ शासनाने निर्णय घेतला. १ एप्रिल १९९९ रोजी अमलात आलेल्या विनियमांनी हौशी यांत्रिक नौकांच्या चालकांसाठी योग्यता-कार्ड आणले. १ एप्रिल १९८३ नंतर जन्मलेल्यांना ते १९९९ च्या सप्टेंबरपासून, चार मीटरहून लहान बोटींच्या चालकांना २००२ पासून आणि सर्वांना १५ सप्टेंबर २००९ पासून आवश्यक झाले. कार्ड आयुष्यभर चालते. ते नसल्यास २५० डॉलर दंड होतो. दहा वर्षांत संपूर्ण देश एका नियमाखाली आणण्याचे हे काम अमेरिकेस शंभर वर्षांत जमले नाही, हे मान्य करावे लागते. अर्थात युकॉनच्या पूर्वेकडील वायव्य प्रदेश आणि नुनावुट, जेथे बोट ही हौसेपेक्षा उपजीविकेची बाब आहे, यांना या विनियमांतून वगळण्यात आले.

परंतु कॅनडाने शिकविण्याचे व परीक्षा घेण्याचे काम मान्यताप्राप्त खासगी संस्थांकडे दिले. अल्पावधीत अनेक संस्था या व्यवसायात आल्या आणि त्यांच्यात चढाओढ लागली. संगणकावर घरबसल्या, कोणाच्याही देखरेखीविना परीक्षा देता येत असल्याने ती कोण देत आहे याची खात्री राहिली नाही. २०११ मध्ये परीक्षेचे प्रश्न वाढवून पन्नास करण्यात आले आणि संगणकावरील परीक्षेपूर्वी किमान तीन तासांचा अभ्यास बंधनकारक करण्यात आला. जेथे शिक्षण ऐच्छिक होते तेथे स्वयंसेवक ते मोफत देत होते, आणि जेथे ते सक्तीचे झाले तेथे त्याचा बाजार उभा राहिला. अमेरिकेतही हीच दिशा दिसते. स्वयंसेवी संस्थांच्या संध्याकाळच्या वर्गांची जागा संगणकावरील अभ्यासक्रमांनी घेतली. 'पॉवर स्क्वाड्रन्स'नेही अलीकडे 'अमेरिकाज बोटिंग क्लब' हे नाव धारण करून नव्या पिढीस जवळ करण्याचा प्रयत्न केला आहे.

आकडे काय सांगतात?

तटरक्षक दलाच्या नोंदींनुसार हौशी नौकानयनातील मृत्यूंची सर्वाधिक संख्या १९७३ मध्ये, म्हणजे १,७५४ होती. १९८० मध्ये ती १,३६० झाली, १९९० मध्ये ८६५ आणि २००० मध्ये ७०१. या काळात नोंदणीकृत बोटींची संख्या मात्र १९८० मधील सुमारे ८६ लाखांवरून २००० मध्ये सुमारे १ कोटी २८ लाखांपर्यंत वाढली. एक लाख बोटींमागे मृत्यूचे प्रमाण काढल्यास ते १९८० मध्ये १५ हून अधिक, १९९० मध्ये सुमारे ८ आणि २००० मध्ये साडेपाचच्या आसपास येते. २०२३ मध्ये ५६४ मृत्यू झाले आणि हे प्रमाण ४.९ होते. प्रमाण निम्म्यावर आले ते १९८० ते १९९० या दशकात. आणि त्या दशकात प्रौढ चालकांना शिक्षणाची सक्ती जवळजवळ कोठेच नव्हती. २००० नंतर, सक्तीचे कायदे फोफावत असताना, घट मंदावली. २०२० मध्ये तर साथीच्या काळात नवख्यांनी मोठ्या प्रमाणावर बोटी घेतल्या आणि मृत्यू ७६७ वर गेले.

याचा अर्थ शिक्षण निरुपयोगी आहे असा नाही. सोपे मृत्यू आधी टळतात; ते बोटीची बांधणी आणि जीवरक्षक साधने सुधारल्याने टळले असावेत, आणि उरलेले टाळणे अधिक कठीण असते, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे. परंतु सक्तीचे पुरस्कर्ते ज्या आकड्याचा सर्वाधिक वापर करतात तो सावधपणे वाचावयास हवा. २०२३ मध्ये, ज्या घटनांत चालकाच्या शिक्षणाची माहिती उपलब्ध होती, त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मृत्यू शिक्षण न घेतलेल्या चालकांच्या बोटींवर झाले. हा आकडा प्रथमदर्शनी निर्णायक वाटतो. मात्र पाण्यावर असलेल्या एकूण चालकांपैकीच जर तीन-चतुर्थांश अशिक्षित असतील, तर या आकड्यातून काहीच सिद्ध होत नाही. प्रमाणाचा अंश सांगायचा आणि छेद सांगायचा नाही, ही चूक केवळ याच क्षेत्रात होते असे नाही.

त्याच वर्षीचा दुसरा आकडा अधिक विचार करावयास लावतो. मृत्यूचे कारण ज्ञात असलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के बुडून मेले आणि बुडालेल्यांपैकी सुमारे ८७ टक्क्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. जॅकेट बोटीवर असावे हा नियम १९१० पासून कोणत्या ना कोणत्या रूपात आहे. ते घालावे हे प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पहिल्याच धड्यात सांगितलेले असते आणि परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न असतो. म्हणजे येथे उणीव माहितीची नाही. बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षेने सवय बदलते काय, या प्रश्नाला मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांच्या संपूर्ण व्यवस्थेने अद्याप समाधानकारक उत्तर दिलेले नाही.

शिवाय सक्तीची कक्षा आणि धोक्याची कक्षा एकमेकींशी जुळत नाहीत. बहुतेक राज्यांची अट इंजिनाच्या नौकांपुरती आहे. खुल्या मोटारबोटींच्या खालोखाल मृत्यू मात्र अलीकडील वर्षांत कयाकवर, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होड्यांवर, होताना दिसतात. त्या स्वस्त असतात, मोटारीच्या टपावर बांधून नेता येतात आणि त्या घेणाऱ्यास बहुधा कोणी काही विचारीत नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात भाड्याने घेतलेल्या बोटीच्या चालकास कार्डाची गरज नाही. जो वर्षातून एकदाच पाण्यावर जातो, त्यालाच ही सवलत मिळते. पर्यटन व्यवसायाचे हित सांभाळण्यासाठी अशा सवलती दिल्या गेल्या हे उघड आहे.

कॅलिफोर्निया आणि ॲरिझोना यांच्या सीमेवर कोलोरॅडो नदीवरील धरणामुळे तयार झालेला हवासू जलाशय आहे आणि राज्यांची हद्द त्याच्या पाण्यातून जाते. ॲरिझोनात प्रौढ हौशी चालकास सर्वसाधारणपणे अभ्यासक्रमाची अट नाही. कॅलिफोर्नियाचा रहिवासी आपल्या हद्दीत असेल तर त्याच्याजवळ कार्ड असावे लागते. शेजारून तितक्याच वेगाने जाणारा ॲरिझोनाचा पाहुणा, आपल्या राज्याच्या नियमांनुसार, त्याच पाण्यात साठ दिवसांपर्यंत कार्डाशिवाय बोट हाकू शकतो.